खुर्ची, पाय आणि एकोणीस टक्के

जर्मनीत मैफलीच्या तिकिटावर ७ टक्के कर आहे आणि नाचायच्या रात्रीच्या तिकिटावर १९ टक्के. कायद्याची भाषा अर्थातच इतकी उघडीवाघडी नाही. पण मथितार्थ तोच: लोक संगीत ऐकायला आले असतील तर ती संस्कृती, मजा करायला आले असतील तर तो धंदा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. कर खात्याचे साहेब क्लबच्या दाराशी वही घेऊन उभे आहेत आणि किती माना डोलल्या, किती पाय हलले ते टिपून घेताहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. मग कळलं की यावर तिथे वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चाललेत.

बर्लिनच्या बर्गहाइन क्लबचं प्रकरण २०१६ मध्ये तिथल्या कर न्यायालयात निकाली लागलं आणि क्लब जिंकला. २०२० मध्ये देशाच्या सर्वोच्च कर न्यायालयाने टेक्नो आणि हाऊस या यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताच्या कार्यक्रमांनाही मैफलीचा सवलतीचा दर लागू शकतो, असं सांगितलं. लोक मुख्यतः संगीतासाठी आलेले असावेत, एवढी अट. मार्च २०२४ मध्ये तर बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जाऊन बसली. डीजेंचं बरंचसं भागलं म्हणायचं. माझी तक्रार दुसऱ्याच मंडळींच्या वतीने आहे. हाताने वाद्यं वाजवणारी, वर्षानुवर्षं तालीम करणारी आणि तरीही लोकांना नाचवणारी जी जॅझ-फंक मंडळी आहेत, ती कायमची उंबऱ्यावर उभी असतात. जॅझच्या दिवाणखान्यात त्यांना ‘जरा उथळ’ म्हणतात आणि पॉपच्या मांडवात ‘जरा अवघड’.

बर्लिनच्या ‘मो ब्लो’चंच घ्या. चौघं जण. फेलिक्स फाल्क सॅक्सोफोन वाजवतो आणि मध्येच डिजरिडू हे ऑस्ट्रेलियातलं लांब फुंकवाद्यही उचलतो, माटी क्लाइन इलेक्ट्रिक पियानोवर, टोबियास फ्लाइशर बासवर, आंद्रे झायडल ड्रम्सवर. २०११ मध्ये ‘अॅक्ट’ या कंपनीने त्यांचा अल्बम ‘यंग जर्मन जॅझ’ या मालिकेत काढला. अल्बमचं नाव एका गाजलेल्या हार्ड रॉक अल्बमच्या नावाची खोडी काढून ठेवलेलं. ‘रॉक’च्या जागी ‘फंक’. याच मालिकेची सुरुवात काही वर्षांपूर्वी मिखाएल वोल्नीच्या पियानो त्रयीने झाली होती. ते संगीत एकाग्र, खोल, डोळे मिटून ऐकायचं. त्याच शिक्क्याखाली हे चौघं आले आणि त्यांचं संगीत ऐकताना डोळे मिटायला कोणी तयार नसतं, कारण समोरचा माणूस कोणत्या क्षणी उडी मारेल याचा नेम नाही.

मी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं ते हेडफोन लावून, रात्री, घरातले झोपल्यावर. आणि बसून ऐकता आलं नाही. स्वयंपाकघरात उभा राहिलो, ओट्यावर बोटं वाजायला लागली. लहानपणी पाच-सहा वर्षं तबला शिकलो होतो, तो नंतर सुटला. पण बोटांना जुनी ओळख विसरता येत नाही. आमचे गुरुजी म्हणायचे, “कायदे वाजवणारे शंभर मिळतील, ठेका धरणारा एखादाच.” तेव्हा हे वाक्य मला आळशी विद्यार्थ्याची समजूत घालण्यासाठी काढलेलं वाटायचं. पंधरा मिनिटं एकच ठेका, न पळता न रेंगाळता, आणि तरीही जिवंत, ही काय चीज आहे ते फंक ऐकल्यावर कळलं.

फंकचं आवर्तन छोटं, चार मात्रांचं. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की सोळा घरं होतात. पहिल्या घरावर सगळे भेटतात. जेम्स ब्राउन याच पहिल्या ठोक्यासाठी हटून बसायचा आणि त्याला नुसतं ‘द वन’ म्हणायचा. आपण सम म्हणतो, तीच. फरक एवढा की विलंबित ख्यालात समेची वाट बघता बघता मिनिट जातं आणि इथे ती दर दोन-अडीच सेकंदांनी येते. उरलेल्या पंधरा घरांत कोण कुठे बसतो, हा सगळा खेळ. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठणकावून वाजतो, पण त्या दोन ठोक्यांच्या मध्ये ड्रमर इतके हलके स्पर्श पेरतो की ते कानाला ऐकू येत नाहीत, कमरेला कळतात. बासवाला एक सूर वेळेआधीच कापतो आणि तिथे भोक पडतं. पियानोवाला नेमका त्या भोकात सूर टाकतो. सॅक्सोफोन वरून सुरावट घेऊन येतो आणि तोही अर्धा वेळ गप्प. चौघांपैकी एकाने जरी जास्त वाजवलं तरी इमारत कोसळते. या संगीतात मोठेपणा न वाजवण्यात असतो, आणि तो तालमीशिवाय येत नाही. एकट्याने बंद खोलीत दहा तास घासून तो मिळत नाही. त्याला चार माणसं, एक खोली आणि पुष्कळ संध्याकाळी लागतात.

खोलीचा हा मुद्दा मी पुढे परत काढणार आहे. आधी खुर्चीचा, म्हणजे जॅझ बसून ऐकण्याच्या रिवाजाचा, इतिहास बघू, कारण जर्मनीत जॅझ खुर्चीवर बसला तो काही उगाच नाही.

१२ ऑक्टोबर १९३५ रोजी नाझी राजवटीचा रेडिओप्रमुख ऑयगेन हादामोव्स्की याने जर्मन रेडिओवर कृष्णवर्णीयांच्या जॅझला बंदी घातली. बंदी असली तरी लोक ऐकायचे थांबले नाहीत. हॅम्बुर्गमध्ये खात्यापित्या घरातली काही पोरं-पोरी केस वाढवून, इंग्रजी धाटणीचे कोट घालून, तबकड्या लावून स्विंगवर नाचायची. राजकीय पत्रकं वाटणारी ही मुलं नव्हती. त्यांचा गुन्हा नाचण्याचाच. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे तीनशेहून अधिक जणांना पकडलं, आणि जानेवारी १९४२ मध्ये हिमलरने लेखी हुकूम काढला की यांच्या म्होरक्यांना छळछावणीत टाका, दोन-तीन वर्षं तरी. नाचणाऱ्या पायांची इतकी धास्ती घेणारी सत्ता स्वतः मात्र पायांच्याच तालावर चालत होती, फक्त ते पाय एका वेळी, एका उंचीवर, एका दिशेने उचललेले असत.

युद्ध संपलं आणि त्या तालाचा लोकांना वीट आला, हे समजण्यासारखं आहे. विचारवंतांना तर तालाचीच शंका यायला लागली. थिओडोर अडोर्नोने १९३६ मध्येच जॅझचं नातं लष्करी संचलनाशी जोडलं होतं. १९५३ मध्ये ‘मेर्कुर’ या मासिकात त्याने पुन्हा हल्ला चढवला: जॅझ हा साच्यातून काढलेला माल आहे, त्याचं बंड खोटं आहे आणि ऐकणाऱ्याला तो आज्ञाधारकपणाच शिकवतो. त्याला उत्तर दिलं योआखिम-एर्न्स्ट बेरेंट या तरुण समीक्षकाने. त्याचं जॅझवरचं पुस्तक त्याच वर्षी आलं होतं आणि पुढे ते जगभर खपलं. बेरेंटचं म्हणणं, जॅझ हा हुकूमशाहीचा शत्रू आहे, धंदेवाईक नाचगाण्याशी त्याची गल्लत करू नका, ही गंभीर कला आहे.

बेरेंट वाद जिंकला असं मला वाटतं, आणि त्याच जिंकण्यात काहीतरी हातचं गेलं. जॅझला मान मिळाला तो खुर्चीच्या अटीवर. पुढच्या दशकांत त्याला सभागृहं मिळाली, महोत्सव मिळाले, महाविद्यालयांत अभ्यासक्रम मिळाले, कोलोन, हॅम्बुर्ग, फ्रँकफर्ट आणि श्टुटगार्टच्या सार्वजनिक रेडिओंनी पगारी बिगबँड, म्हणजे जॅझचे मोठे वाद्यवृंद, बाळगले. हे सगळं छानच झालं. जगात इतकं फार थोड्या देशांनी केलंय. पण अडोर्नोने उभी केलेली भिंत तशीच राहिली, बेरेंटने फक्त जॅझला तिच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवलं. गंभीर संगीत आणि करमणुकीचं संगीत अशी ती भिंत जर्मन भाषेत आणि जर्मन हिशेबाच्या वह्यांत इतकी मुरलेली आहे की संगीतकारांची मानधनं गोळा करून वाटणाऱ्या ‘गेमा’ या संस्थेतही ई (गंभीर) आणि यू (करमणूक) ही दोन अक्षरं दशकानुदशकं चालत आली.

अडोर्नो थोर माणूस, पण ढोबळ कानाचा. संचलन आणि ग्रूव्ह, म्हणजे अंग हलवायला लावणारा ठेका, यांत तो फरक करू शकला नाही. संचलनात सगळ्यांचा पाय एकदम खाली येतो आणि मधली जागा रिकामी, मेलेली असते. ग्रूव्हमध्ये समेवर भेटायचं आणि लगेच पांगायचं. मधल्या पंधरा घरांत प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. त्यामुळे फंकवर नाचणारी शंभर माणसं नीट बघा, कोणाचा खांदा चालतोय, कोणाची नुसती टाच, एखादा भिंतीला टेकून फक्त मान हलवतोय. हुकूम दिल्यासारखं काहीच नाही. मला विचाराल तर एकत्र राहूनही वेगळं राहण्याचा याहून चांगला धडा सभागृहात ओळीने बसलेल्या आणि खोकला दाबणाऱ्या श्रोत्यांकडून मिळत नाही. (ओळीने बसून खोकला दाबणाऱ्यांत मीही असतो, सवाईला दर वर्षी.)

फंक जर्मनीत आला तो बराचसा अमेरिकन सैनिकांच्या मागून. फ्रँकफर्ट, कायझर्सलाउटर्न, मानहाइमच्या छावण्यांभोवतीच्या क्लबांत कृष्णवर्णीय सैनिक सोल आणि फंक ऐकायचे, सैन्याच्या रेडिओवर ते वाजायचं, आणि आसपासची जर्मन पोरं कान लावून बसायची. क्लाउस डोल्डिंगरने १९७१ मध्ये ‘पासपोर्ट’ काढला आणि जॅझला विजेची वाद्यं व पक्का ठेका दिला. टीव्हीवरच्या ‘टाटऑर्ट’ या गुन्हेकथांच्या मालिकेची शीर्षकधून त्याचीच, म्हणजे त्याचा ठेका न ऐकलेला जर्मन माणूस शोधूनच काढावा लागेल. नव्वदच्या दशकात म्युनिकच्या ‘पोएट्स ऑफ रिदम’ने असा कच्चा, जुन्या वळणाचा फंक वाजवला की अनेकांना तो साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेतला वाटे. पुढे हॅम्बुर्गचे ‘मायटी मोकॅम्बोज’ आले. मो ब्लो अशा रांगेतले. हवेतून पडलेले नव्हेत.

इथेच एक आक्षेप येतो आणि तो मला झटकता येत नाही. जे संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घामातून आणि अपमानातून घडवलं, त्यावर ‘यंग जर्मन’ असा शिक्का मारायचा आणि वर सार्वजनिक पैसाही मागायचा, हे कसं? शिक्का मलाही खटकतो. मालिकेला नाव काहीतरी लागतं हे ठीक, पण ‘जर्मन’ हा शब्द त्या ठेक्याला चिकटत नाही. पैशाचा मुद्दा मात्र वेगळा. तो पैसा फंकच्या मालकीहक्काचा नाही, बर्लिनमधल्या खोलीचा आहे. त्या खोलीत कोणी यावं, काय वाजवावं, हे मोकळं असेल तर तिथे सेनेगलचा ड्रमरही बसेल आणि डेट्रॉइटची गायिकाही.

आणि आपलाही माणूस बसेल, किंबहुना बसलाच आहे. त्रिलोक गुर्टू, शोभा गुर्टूंचा मुलगा, मुंबईत जन्मलेला, अनेक वर्षं हॅम्बुर्गला राहिलेला. १९८८ मध्ये त्याचा ‘उस्फ्रेट’ हा अल्बम एका जर्मन कंपनीनेच काढला आणि त्यात आईचा आवाज आहे. घरात ठुमरी ऐकून वाढलेल्या तालवादकाला हे शिकवावं लागत नाही की ठुमरीच्या शेवटी लग्गी सुरू झाली की बैठकीतलेही पाय हलतात. आपल्याकडे लावणीतसुद्धा बैठकीची आणि फडाची असे दोन प्रकार आहेत. पण बैठकीची ती कला आणि फडाची ती करमणूक असं म्हणणाऱ्याला जाणकार लावणीतलं काही कळतं असं मानणार नाहीत.

आता पैशाकडे येतो. एरवी ‘लोकांना आवडतं ना, मग तिकिटावर चालू दे’ हे उत्तर फार सोपं पडतं. समजा एका छोट्या क्लबात ८० माणसं आली आणि तिकीट १५ युरो. गल्ला १,२०० युरो. ७ टक्क्यांचा दर धरला तर त्यातून साधारण ७८ युरो कर जातो. १९ टक्क्यांचा धरला तर १९१. फरक ११३ युरोंचा. कर खात्याला तो दिसणारही नाही, पण भाडं, ध्वनीवाला, दारावरचा माणूस आणि प्रवास वजा जाता त्या रात्री ड्रमरच्या हातात पडायची रक्कम साधारण तेवढीच असते. जर्मनीतल्या जॅझ वादकांची २०१६ मध्ये एक मोठी पाहणी झाली, दोन हजारांहून अधिक जणांनी उत्तरं दिली. दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचं संगीतातून मिळणारं वार्षिक उत्पन्न १२,५०० युरोंच्या आत होतं. शिकवण्या, लग्नाकार्यातलं वाजवणं, सगळं धरून माणसं जगतात. ‘खपतं ते’ संगीत असं ज्याला हिणवायचं, ते असं खपतं.

जर्मनी काहीच करत नाही असं नाही, आणि तसं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. १९८३ पासून तिथे कलावंतांची सामाजिक विमा योजना आहे. स्वतंत्र कलावंत आरोग्य आणि निवृत्तिवेतनाच्या हप्त्याचा अर्धा वाटा भरतो, उरलेला अर्धा सरकार आणि कलावंतांना काम देणाऱ्या कंपन्या मिळून भरतात. नोकरदाराच्या हप्त्यातला अर्धा वाटा मालक भरतो, तशीच ही सोय. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या ढोलकीवाल्याला हे सांगितलं तर तो थट्टा समजेल. गावोगाव सार्वजनिक संगीत शाळा आहेत, राज्याराज्यांत तरुणांचे जॅझ वाद्यवृंद आहेत, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून देशपातळीवरचा एक आहे. म्हणजे वादक घडवायला पैसा आहे. तो घडल्यावर आठवड्याच्या आठवड्याला वाजवणार कुठे, इथे येऊन गाडी अडते.

म्हणून माझी मागणी थोडी उलटी आहे. वाद्यवृंदाला अल्बमसाठी अनुदान कमी दिलं तरी चालेल, खोली वाचवा. ग्रूव्ह स्टुडिओत जन्मत नाही, तो त्याच मंचावर दर मंगळवारी वाजवून जन्मतो, जिथे मागच्या मंगळवारी जमलं नव्हतं आणि समोरच्यांनी पाठ फिरवली होती. म्युनिकची ‘जॅझराउश बिगबँड’ हे याचं उत्तम उदाहरण. रोमान स्लाडेक या ट्रॉम्बोनवादकाने २०१४ मध्ये उभी केलेली ही मंडळी ‘हॅरी क्लाइन’ नावाच्या टेक्नो क्लबात मुक्कामाला असायची. टेक्नोच्या क्लबात बिगबँडचा मुक्काम! नाचणाऱ्यांसमोर वाजवून वाजवून त्यांनी एक वेगळीच भाषा कमावली. बेथोवेनची सामग्री घेऊनही नाचवता येतं हे त्यांनी दाखवलं आणि मोठ्या सभागृहांनी मग त्यांना मानाने बोलावलं. तो क्लब २०२३ मध्ये बंद झाला. इमारतीचा दुसराच बेत ठरला होता. एखादं ऑपेरागृह अशा कारणाने पाडायची गोष्ट कोणी काढली असती तर महापौराला पळता भुई थोडी झाली असती.

मे २०२१ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की संगीत क्लबांना बांधकामाच्या नियमांत करमणुकीच्या अड्ड्यांबरोबर न मोजता सांस्कृतिक वास्तू मानावं. चांगलं झालं. पण ठराव म्हणजे नियम नव्हे, आणि बिल्डर ठराव वाचून थांबत नाही. शेजाऱ्याची तक्रार आली, भाडं वाढलं, इमारत विकली गेली की नुसत्या ठरावाने क्लब वाचत नाही. मला स्पष्ट नियम हवा: जिथे वर्षातून ठरावीक रात्री माणसं प्रत्यक्ष वाद्यं वाजवतात ती जागा सांस्कृतिक, श्रोते बसलेले असोत की उभे. बाजूला नवी घरं बांधली तर आवाज अडवायचा खर्च मागून आलेल्याने करावा. आणि तिकिटाचा दर एकच, ७ टक्के.

‘सरकारी पैसा आला की धार जाते’ असं म्हणणाऱ्या मित्रांशी मी अर्धा सहमत आहे. अनुदानाच्या अर्जात शोभेल असं संगीत लिहायला लागलेले वाद्यवृंद मी ऐकलेत. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत संगीतापेक्षा ‘संकल्पना’ जास्त असते. फंकला संकल्पना नसते, त्याला शनिवार असतो. म्हणूनही मी अर्जापेक्षा खोलीच्या बाजूने आहे. खोली सुरावट तपासत नाही. तिथे वाईट वाजवलं तर पुढच्या वेळी लोक येत नाहीत, आणि कुठल्याही निवड समितीपेक्षा हा निकाल कडक असतो.

हे सगळं आत्ताच का, तर बर्लिन राज्याने २०२५ च्या अंदाजपत्रकात संस्कृतीवरचे सुमारे १३ कोटी युरो छाटले. अशी कात्री चालते तेव्हा आधी कोण कापला जातो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शहरात तीन ऑपेरागृहं आहेत, देशभरात सार्वजनिक पैशावर चालणारे सुमारे १३० वाद्यवृंद आहेत. त्यांचे करार आहेत, संघटना आहेत, पेन्शनी आहेत. चौघांच्या जॅझ-फंक वाद्यवृंदाला करार नसतो. त्यांची तालमीची खोली गेली की बातमी होत नाही. बासवाला शिकवण्या वाढवतो, सॅक्सोफोनवाला क्रूझ जहाजावर जातो, मंगळवारी भेटू असं ठरतं आणि ते मंगळवार हळूहळू महिन्यातून एकदा येतात. ठेका पळायला किंवा रेंगाळायला लागतो तो तेव्हापासून, आणि बाहेरच्या कोणाला तो ऐकूही येत नाही, कारण तोवर ऐकायची जागाच उरलेली नसते.